जुन्या बुलेटचं मागचं चाक काढणं आणि बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी वडिलांची १९७४ सालची बुलेट ३५० आहे. ओतीव इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. वडील गेल्यावर ती माझ्याकडं आली, आणि तिच्यामुळं राजारामपुरीतल्या आमच्या बोळात रविवारी सकाळी जुन्या गाडीवाल्यांची ये-जा सुरू झाली. इंजिनाबद्दल सगळ्यांनाच बोलायला आवडतं. अडतात मात्र बहुतेक जण मागच्या चाकापाशी. पंक्चर झालं, रबरं गेली, ब्रेक धरेना, काहीही असो, आधी चाक बाहेर यायला लागतं. नेहमी येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. उत्तरं मुख्यतः जुन्या बुलेटची आहेत. जावा आणि येझदीचं वेगळं शेवटाकडं दिलंय.

चाक घरी काढता येईल का, की गॅरेजलाच न्यावी?

काढता येईल. पहिल्या वेळी दोन तास धरा, नंतर चाळीस मिनिटांत होतं. सोबत एक माणूस हवाच, कारण गाडी कलती धरायला लागते. आणि काम उजेडात करा. संध्याकाळी सहाला सुरू केलेलं चाक रात्री नऊला चुकीचं बसतं, हे मी अनेकदा बघितलंय.

कोणते पाने लागतात? माझा सेट मिलिमीटरचा आहे.

बुलेटचं मूळ डिझाइन इंग्रजी, १९५५ पासून ती मद्रासला बनायला लागली. त्यामुळं जुन्या गाडीवर बरेच नटबोल्ट व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापाचे सापडतात. व्हिटवर्थ पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. ३/८ लिहिलेल्या पान्याचं तोंड साधारण १८ मिलिमीटर भरतं, तिथं १८ चा पाना चालून जातो. पण ७/१६ चं तोंड २०.८ भरतं. तिथं २१ चा पाना लावला की थोडा सैल राहतो, आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की कोपरे गोल होतात. म्हणून एक्सलला, म्हणजे चाकाच्या आसाला, रिंग पाना किंवा सॉकेटच वापरा. उघड्या तोंडाचा पाना किंवा स्क्रू पाना नको.

याहून मोठी चूक आट्यांची. व्हिटवर्थचा आटा ५५ अंशांचा, मिलिमीटरचा ६० अंशांचा. हरवलेल्या नटाच्या जागी डब्यातला 'साधारण बसणारा' नट पान्यानं ओढून बसवला की दोन फेऱ्यांत आटे खलास. नट निदान तीन-चार फेरे हातानं फिरला पाहिजे. नाही फिरला तर तो त्या बोल्टाचा नाही.

डबल स्टँडवर गाडी उभी आहे, तरी चाक मडगार्डखालून बाहेर येत नाही. काय करू?

स्टँडखाली दोन इंच जाडीची फळी घाला. जुन्या बुलेटचं मडगार्ड खोल उतरलेलं असतं आणि चाक १९ इंची, त्यामुळं नुसत्या स्टँडवर जागा पुरत नाही. तरी अडलं तर सोबतच्या माणसाला गाडी डावीकडं कलती धरायला सांगा आणि चाक उजव्या अंगानं खालून ओढून घ्या. पुढच्या चाकाला मागून-पुढून वीट लावायला विसरू नका. हँडल धरून गाडी कलवू नये, ते वळतं. सीटखालच्या फ्रेमला धरावं.

चेन खोलावी लागते का?

बहुतेक जुन्या बुलेटला लागत नाही, आणि हीच गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते. चेन, मागचं स्पॉकेट आणि ब्रेक ड्रम तिन्ही डावीकडं. स्पॉकेट आणि ड्रम एकच तुकडा आहे, आणि चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, त्यात नुसता गुंतलेला असतो. हबाला पाती आहेत, ती ड्रममधल्या रबरांच्या जोड्यांमध्ये शिरतात. एक्सल उजवीकडून ओढला, उजवीकडचा स्पेसर (अंतर राखणारी नळी) काढला आणि चाक उजवीकडं सरकवलं की ते रबरांतून सुटतं. चेन, स्पॉकेट, ब्रेक आपापल्या जागी लटकून राहतात. ब्रेक रॉडला हात लावायचा नाही, चेन लॉक खोलायचा नाही.

पंक्चर काढायचंय, टायर बदलायचाय, बेअरिंग बघायचंय, तर एवढंच पुरतं. डावीकडं ड्रम धरून ठेवणारा नट असतो, त्याला या कामात हात लावू नका. तो सोडला की ड्रम, चेन, ब्रेक प्लेट सगळं सैल होतं आणि अर्ध्या तासाचं काम दुपारभर पुरतं. ब्रेक शू बदलायचे असतील तेव्हाच डावी बाजू उघडा.

एक सांगतो, पन्नास वर्षांत या गाड्यांनी किती हात बघितले असतील. एखाद्या गाडीत भलताच एक्सल घातलेला असतो. पाना लावायच्या आधी दोन्ही बाजूंनी खाली वाकून नीट बघा आणि फोटो काढून ठेवा.

एक्सल जागचा हलत नाही. हातोडी मारू का?

लगेच नको. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल सोडा, ते नसेल तर डिझेल. सकाळी एक्सलच्या डोक्यातल्या भोकात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घालून तो आधी फिरवा. फिरला की निघाला. फिरत नसेल तर तेल आणि टॉमी आलटून पालटून चालू ठेवा. ठोकायचीच वेळ आली तर मध्ये पितळी दांडा किंवा चांगलं लाकूड धरा आणि टोकाला नट अर्धा चढवून ठेवा, म्हणजे आटे वाचतात. लोखंडी हातोडी थेट बसली की एक्सलचं टोक फुलतं, मग तो बुशातून निघतच नाही.

एक्सल बाहेर आला की सपाट काचेवर लोळवून बघा. वाकला असेल तर खालचा उजेड कमी-जास्त होताना दिसतो.

स्पेसर आणि वायसर कुठं कसे होते, आठवत नाही. अंदाजानं बसवू का?

नाही. या सगळ्या पानावरचं मला सर्वांत जिव्हाळ्याचं उत्तर हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बेअरिंगची आतली रिंग, स्पेसर आणि स्विंग आर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचं) टोक ही एक्सलवरची एकसंध रांग आहे. नट आवळला की जोर या रांगेतून जातो आणि चाक मोकळं फिरत राहतं. रांगेतला एक तुकडा कमी पडला की नट आवळताना स्विंग आर्मची टोकं आत ओढली जातात आणि बेअरिंगवर आडवा दाब येतो. स्टँडवर हातानं फिरवलं तर चाक फिरतं, जरा जड लागतं एवढंच. म्हणून चूक कळत नाही.

वडिलांच्या हयातीत एकदा गाडी टायर बदलायला एका गॅरेजमध्ये टाकली होती. परत आली ती ठीक वाटली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलो. जाताना चढावर गाडी जड ओढतेय असं वडील म्हणाले. उतरताना वाघबिळाच्या अलीकडं मागून करकर ऐकू यायला लागली आणि जळक्या ग्रीसचा वास आला. थांबून हात लावला तर हबाला हात लावू देईना इतका तो तापलेला. उजवीकडचा स्पेसर घातलाच नव्हता, त्याच्या जागी दोन पातळ वायसर होते. बेअरिंग निळं पडलं होतं. ट्रकच्या मागं दोरीनं उभी बांधून गाडी कोल्हापूरला आणली. वडील वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी चाक खोललं, पोत्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक तुकडा क्रमानं मांडत गेले : कॅम (चाक पुढं-मागं सरकवायची खाचांची चकती), वायसर, स्पेसर, हब. मला म्हणाले, "हे ध्यानात ठेव. चाक काढणं सगळ्यांनाच जमतं."

तेव्हापासून माझी पद्धत तीच. एक्सल बाहेर ओढताना जे ज्या क्रमानं हाती येतं ते डावीकडून उजवीकडं कागदावर मांडायचं, ज्या तोंडानं निघालं त्याच तोंडानं. स्पेसरची दोन टोकं सारखी दिसली तरी एका टोकाला बेअरिंगची चकचकीत गोल खूण असते. ते टोक आत. मग फोटो. आणि सगळं पुसून पुन्हा त्याच जागी ठेवायचं. डिझेलच्या ताटलीत सगळं एकत्र टाकलं की क्रम गेला.

तुकडे आधीच मिसळले असतील तर तशाच जुन्या गाडीवाल्याकडं जाऊन बघा. आपल्याकडं अशी गाडी शोधायला फार लांब जावं लागत नाही.

चाक बाहेर आलंच आहे, तर आणखी काय तपासू?

बेअरिंगमध्ये बोट घालून आतली रिंग फिरवा. खरखर लागली किंवा रिंग अडखळली तर बदला. त्यात काटकसर नको. तारांवर पाना हलकेच वाजवत एक फेरी घ्या. ताणलेली तार टणकन वाजते, सैल तार बद्द आवाज देते. दोन-तीन सैल असतील तर रिम सरळ करणाऱ्याकडं न्या, स्वतः ताणत बसू नका. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसते म्हणून पंधरा वर्षांचं रबर वापरणारे लोक मला माहीत आहेत. कडांना बारीक भेगा असतील तर त्या टायरवर घाटात जाऊ नका.

रिमच्या आतली रबरी पट्टी बघायची राहते. ती सरकलेली असेल तर तारेचं टोक ट्यूबला घासतं आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी पंक्चर होतं.

हबातली रबरं गेलीत हे कसं ओळखायचं?

चाक काढण्याआधीच कळतं. डबल स्टँडवर गाडी गिअरमध्ये घाला आणि चाक हातानं पुढं-मागं हलवा. स्पॉकेट जागेवर थांबून चाक एकटंच बरंच हलत असेल आणि 'खट्' वाजत असेल तर रबरं बसलीत. चालवताना थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की मागून धक्का येतो तो यामुळंच. लोक चेनला दोष देतात आणि ती आणखी आवळतात.

सहा रबरं असतात, सहाही एकदम बदला. नवी रबरं घट्ट असतात, हबाची पाती त्यांत शिरत नाहीत. तिथं ग्रीस किंवा ऑइल लावायचा मोह होतो. त्यानं रबर फुगतं आणि वर्षभरात चिखलासारखं होतं. साबणाचं पाणी लावा, पाती जोड्यांच्या फटींसमोर आणा आणि चाक दोन्ही हातांनी थोडं डावं-उजवं फिरवत आत दाबा. एकदा रेषेत आलं की सुळकन बसतं.

ड्रममध्ये काळी पूड साठलीय. हवेनं उडवू का?

अजिबात नको. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. नाकाला मास्क बांधा, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाका. पंक्चरवाल्याकडं हवेची नळी हाताशी असते आणि तो मदत म्हणून फुंकर मारायला येतो. त्याला थांबवा, त्याच्याही भल्यासाठी.

लायनरवर ग्रीस आलं असेल तर पेट्रोलनं पुसून भागत नाही. तेल आत मुरलेलं असतं, ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. शू नवे लायनर लावून घ्या आणि ग्रीस कुठून आलं तेही शोधा. बहुधा बेअरिंगचं सील गेलेलं असतं.

गाडी पुरात बुडाली होती. इंजिन करून घेतलं, चाकांचं काय?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी जेवढे हब उघडले त्या सगळ्यांत गाळ होता. पंचगंगेचा गाळ बारीक असतो. तो ड्रमच्या फटीतून आत जातो आणि वाळल्यावर पॉलिश पेपरासारखं काम करतो. बेअरिंगमधलं ग्रीस पाणी धरून पांढुरकं होतं. वरून गाडी चकाचक दिसते, सहा महिन्यांनी चाक गुरगुरायला लागतं. बुडालेल्या गाडीची दोन्ही चाकं काढा, बेअरिंगं नवी घाला, ब्रेकचा कॅम बाहेर काढून साफ करून नाममात्र ग्रीस लावा. गंजलेला कॅम ब्रेक मारल्यावर परत फिरत नाही, मग ब्रेक चिकटून राहतो. शाहूपुरीत, दुधाळीत ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या आणि हे काम राहिलंय, त्यांनी अजूनही करून घ्यावं.

चेन किती ढिली ठेवायची?

घट्ट जागी सुमारे एक इंच. 'घट्ट जागी' हे महत्त्वाचं. जुनी चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. चाक हळूहळू फिरवा, खालची चेन बोटानं वर-खाली करून बघा, सर्वांत कमी हलते तिथं माप घ्या. माणूस बसल्यावर स्विंग आर्म वर येतो आणि चेन आणखी ताणते. स्टँडवर टाईट वाटणारी चेन दोघं बसल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर देते. जरा ढिली चेन वाजते. टाईट चेन खर्चात पाडते.

चाक सरळ बसलं हे कसं कळायचं?

बुलेटच्या एक्सलला दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या आकाराचे कॅम आहेत, कडेला खाचा असलेले. दोन्हीकडं सारखी खाच ठेवली की चाक सरळ, असं धरतात. नव्या गाडीत ते खरं होतं. पन्नास वर्षांनी स्विंग आर्म थोडा पिरगळलेला असू शकतो, कॅम बाजारातला असू शकतो. म्हणून दोरी लावा.

गवंड्याची ओळंब्याची दोरी घ्या. मागच्या टायरला पाठीमागून वेढा देऊन दोन्ही टोकं दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापलीकडं ताणा, स्टँड आणि सायलेन्सरला न लागता जितकी वर जाईल तितकी. हँडल सरळ. बुलेटचे दोन्ही टायर मूळचे ३.२५ चे, त्यामुळं दोरी मागच्या आणि पुढच्या टायरला दोन-दोन जागी टेकायला हवी. पुढं बारीक टायर असेल तर दोन्हीकडं सारखी फट दिसली पाहिजे. एकीकडं फट आणि दुसरीकडं दोरी दबलेली असेल तर कॅम एक खाच फिरवा आणि पुन्हा बघा. दोरीनं जे दाखवलं ते खरं, खाचा काय म्हणतात ते बाजूला ठेवा.

चेन लॉकची पत्ती कोणत्या दिशेला?

बंद तोंड चेन पळते त्या दिशेला. चेनचा वरचा भाग मागून पुढं जातो, म्हणून लॉक वर असताना बंद तोंड इंजिनाकडं.

जावा आणि येझदीला हेच लागू आहे का?

मूळ कल्पना तीच. चेन बंद कव्हरात असते, आणि एक्सल काढल्यावर स्पॉकेट कव्हरासकट गाडीवरच राहतं, चाक तेवढं सुटतं. १६ इंची चाकाची जुनी जावा असेल तर ते मडगार्डखालून काढणंही सोपं. पण दोन फरक लक्षात ठेवा. नटबोल्ट मिलिमीटरचे आहेत, कारण गाडीचं मूळ चेक. आणि ब्रेक स्पॉकेटच्या बाजूला नसून चाकाच्या हबात आहे, म्हणून ब्रेक सोडावा लागतो आणि ब्रेक प्लेट चाकासोबत बाहेर येते.

परत बसवताना ब्रेक प्लेट जिथं गाडीला अडकते ती जागा दोनदा तपासा. ती अडकलेली नसेल तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि चाक जाम होतं. चालत्या गाडीत याचा अर्थ काय ते सांगायला नको. प्लेट अडकल्यावर एक्सल हातानं आवळा, ब्रेक पॅडल दाबून धरायला सांगा, आणि दाबलेलं असतानाच नट पूर्ण आवळा. त्यानं शू ड्रमच्या मध्यावर बसतात आणि ब्रेक एकसारखा धरतो. बुलेटची डावी बाजू उघडली असेल तर तिथंही हेच करा.

चेन बदलायची असेल तर जुनी पूर्ण काढू नका. तिच्या टोकाला नवी जोडून ओढत घ्या, कव्हर उघडावं लागत नाही.

एक्सल मिळत नाही. उद्यमनगरात बनवून घेऊ का?

घ्या. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेल्या माणसाच्या हाताची तोड मिळणं अवघड आहे. स्पेसर, बुश, एक्सल, नमुना दिलात की तंतोतंत होतं. फक्त हे गाडीच्या मागच्या चाकाचं काम आहे असं आधी सांगा. नाही सांगितलं तर तो हाताशी असलेल्या साध्या माइल्ड स्टीलचा करून देईल. दिसायला तसाच, पण खड्ड्यांत वाकणारा. ईएन २४ हे कणखर पोलाद मागा. आणि आट्यांसाठी जुना नट सोबत न्या.

बसवून झालं. आता लगेच लांब जाऊ का?

आधी चाक हातानं फिरवा, ब्रेक दाबून सोडा, पुन्हा फिरवा. स्प्लिट पिन असेल तर नवीच घाला. मग रंकाळ्याला एक फेरी मारा, थांबून हबाला हात लावा. कोमट चालतो, चटका बसला तर परत खोला. वीसेक किलोमीटरनंतर एक्सल आणि ब्रेकचे नट पुन्हा पान्यानं तपासा. नवी रबरं आणि नवे लायनर थोडे बसतात, त्यामुळं चेन आणि ब्रेकची चाल बदललेली सापडेल.

सगळं बसलं, पण एक वायसर उरलाय. चालेल का?

नाही. चाक परत काढा. बहुतेक वेळा तो उजवीकडच्या कॅमच्या आतला असतो. कागदावरच्या मांडणीचा फोटो उघडा आणि वायसरावरची खूण बघा. कॅमनं दाबल्याची खूण असेल तर तिथलाच.